ओतू नका, उघडा

प्रश्न : आमचं घर सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावर आहे. वाडा पाडून १९७०च्या सुमाराला बांधलेली तीन मजली इमारत. बाथरूममधल्या बेसिनचं पाणी गेल्या दिवाळीपासून नीट जात नाही. तोंड धुऊन होईपर्यंत बेसिन निम्मं भरतं आणि मग पाच-सात मिनिटं गुडगुड करत उतरत राहतं. थंडीत फार त्रास होतो, एरवी जरा बरं असतं. खायचा सोडा आणि व्हिनेगर घालून झालं, उकळतं पाणी ओतून झालं, गेल्या रविवारी यजमानांनी ॲसिडची अख्खी बाटली रिकामी केली. दोन दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. एक प्लंबर येऊन गेला. बेसिनकडे उभ्या उभ्या बघून म्हणाला, "लाईन जुनी आहे, भिंत फोडून सगळी बदलायला लागेल, २२ हजार होतील." घरात सासू-सासरे आहेत, बाथरूम एकच आहे. भिंत फोडायची का? आणि तोवर काय ओतू?
— एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर :

ताई, भिंत फोडू नका. निदान इतक्यात तरी नाही. आणि तोवर काय ओतायचं, तर काहीच नाही. दिवाळीपासून त्या बेसिनमध्ये इतकं काय काय जाऊन आलं, पण कुणी खाली बसून पाईप उघडला असं तुमच्या पत्रात एकाही ओळीत नाही. प्लंबरनंही उघडला नाही. ज्यानं वाकायचे कष्ट घेतले नाहीत, त्याला भिंतीच्या आतलं कसं दिसलं? सदाशिव पेठेतल्या माणसाकडून हा प्रश्न विचारायचा राहून गेला, याचंच मला नवल वाटतं.

बेसिनचं पाणी सावकाश जातं तेव्हा अडथळा बहुतेक वेळा वरच्या हात-दीड हातातच असतो. म्हणजे जाळी, तिच्याखालचं कपलिंग (बेसिनच्या भोकात बसवलेली आखूड नळी), बॉटल ट्रॅप (वास वर येऊ नये म्हणून थोडं पाणी धरून ठेवणारा पेला) असला तर तो आणि तिथून भिंतीत शिरणारा पाईप. एवढा भाग दोन हातांनी, एका बादलीत, तासाभरात साफ होतो. तो साफ केल्यावरही पाणी अडलं तरच भिंतीची चर्चा. तुमच्याकडे सगळं उलट क्रमानं चाललंय.

आधी ॲसिडचं बोलू. पत्र माझ्यापर्यंत येईतो त्यावरून पुष्कळ पाणी वाहून गेलं असणार. तरी काम सुरू करण्याआधी दोन-तीन बादल्या साधं पाणी बेताबेतानं सोडा, खिडकी उघडी ठेवा, रबरी हातमोजे आणि चष्मा घाला. प्लंबरला बोलावलंत तर आत ॲसिड गेलं होतं हे त्याला आधी सांगा. ट्रॅप उघडताना तोंडावर उडतं ते नुसतं पाणी आहे असं तो धरून चालतो.

ॲसिडनं दोन दिवस बरं का वाटलं, तेही समजून घ्या. आत चिकटलेला चुन्यासारखा थर त्यानं थोडा विरघळवला आणि मधून बारीकशी वाट मोकळी झाली. पण मूळ अडथळा केसांचा असतो, आणि केस त्या ॲसिडनं विरघळत नाहीत. मग विरघळतं काय? १९७०च्या इमारतीत भिंतीतला पाईप बहुधा जीआयचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी असतो. ॲसिड आधी तो मुलामा खातं, मग लोखंड. शिवाय तुमच्या बाथरूममध्ये जुनी शहाबादी फरशी असेल तर ती चुनखडीचाच दगड आहे. ॲसिड सांडलं की ती खडबडीत होते, सांध्यांमधलं सिमेंट झिजतं, पाणी खाली झिरपायला लागतं आणि मग पहिल्या मजल्यावरच्या मंडळींच्या छताला ओल येते. बेसिन तुंबल्याचं दुखणं घरातल्या घरात राहतं. छताला ओल आली की ते जिन्यात येतं.

यातला खरा धोका अजून वेगळा आहे. बऱ्याच घरांत बेसिनखालच्या कपाटात तीन वस्तू शेजारी शेजारी असतात: संडास साफ करायचं ॲसिड, ब्लीच किंवा ब्लीच असलेलं क्लीनर, आणि ड्रेन साफ करायची पावडर, जी मुख्यतः कॉस्टिक सोडा असते. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो. तुमच्यासारख्या लहान बाथरूममध्ये, दार लावून, सत्तरी ओलांडलेलं कुणी आत असताना तो काय करेल याची कल्पना करा. ॲसिड आणि कॉस्टिक एकत्र आले तर इतकी उष्णता निर्माण होते की पाईपमधलं पाणी उसळून वर येतं. एकानं गुण आला नाही म्हणून दुसरं ओतायचं, हे लोक सर्रास करतात. आदलं द्रव्य अजून ट्रॅपमध्येच बसलेलं असतं हे कुणाच्या लक्षात येत नाही. बेसिन तुंबलंय म्हणजे ते पुढे गेलेलंच नसतं ना!

सोडा-व्हिनेगरबद्दल फार लिहीत नाही. एक आम्लारी, एक आम्ल. दोघं एकमेकांना निकामी करतात, वायू निघून जातो आणि मागे किंचित खारट पाणी उरतं. फेस बघायला छान असतो. केसांच्या बोळ्याला त्याचं काही वाटत नाही.

उकळत्या पाण्याचा मुद्दा मात्र जरा सविस्तर सांगायला हवा, कारण थंडीत त्रास वाढतो ही तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ आहे. खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटेचं तापमान दहाच्या आसपास उतरतं, कधी त्याहूनही खाली. तेव्हा तेलाच्या बाटलीत जे होतं तेच तुमच्या पाईपमध्ये होत असतं. डोक्याला तेल लावून झाल्यावर हात धुतले जातात ते बेसिनमध्ये, दिवाळीत अभ्यंगाचं तेल आणि उटण्याचे हात धुतले जातात तेही बेसिनमध्ये. दुखणं दिवाळीपासून सुरू झालं यात मला काही गूढ दिसत नाही. केसांच्या जाळ्यात तेल थिजतं, त्यावर साबण बसतो, साबणावर उटणं.

आता यावर उकळतं पाणी ओतलं की काय होतं? वरचं तेल वितळतं, हातभर पुढे जातं, भिंतीतल्या गार पाईपला लागतं आणि तिथे पुन्हा थिजतं. हाताला लागणारा अडथळा तुम्ही हाताला न लागणाऱ्या जागी ढकलता. शिवाय बेसिनखाली प्लॅस्टिकचा घड्यांचा लवचीक पाईप असेल तर तो उकळत्या पाण्यानं मऊ पडून लोंबतो, आणि लोंबला की त्या खोलगट भागात गाळ साचायला कायमची जागा होते. चिनी मातीचं जुनं बेसिन गारठलेलं असताना त्यात एकदम उकळतं पाणी पडलं तर तडाही जाऊ शकतो. गरम पाण्याचा उपयोग आहे, पण तो साफसफाई झाल्यावर, आणि ते आंघोळीच्या कढत पाण्याइतकंच हवं.

आता कामाला लागा. पहिल्यांदा अडलंय कुठे ते शोधा. यासाठी अर्ध्या लिटरचं भांडं पुरतं. बेसिन पूर्ण रिकामं होऊ द्या, मग एक भांडं पाणी झटकन ओता. पहिल्याच भांड्याला पाणी जाळीवर तुंबलं तर अडथळा तिथेच, कपलिंगमध्ये आहे. पहिलं भांडं सहज गेलं आणि दुसऱ्या-तिसऱ्याला पाणी चढायला लागलं तर अडथळा पुढे आहे. सव्वा इंची पाईपच्या एक मीटर लांबीत सुमारे ८०० मिलिलिटर पाणी मावतं. त्यावरून अदमास लागतो. लिटरभर गेल्यावर पाणी उभं राहत असेल तर अडथळा मीटरभर आत, म्हणजे भिंतीत किंवा न्हाणीच्या, म्हणजे बाथरूमच्या फरशीतल्या जाळीच्या, जवळ असावा. हिशेब ढोबळ आहे, पण उभ्या उभ्या सांगितलेल्या २२ हजारांच्या हिशेबापेक्षा बरा.

हे करताना घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी न्हाणीच्या जाळीपाशी बॅटरी घेऊन बसवा. जुन्या पद्धतीत बेसिनचं पाणी थेट बाहेरच्या उभ्या पाईपला जात नाही, बाथरूममधल्या न्हाणी ट्रॅपमध्ये येतं. जाळी उचलली की बाजूनं आलेल्या पाईपचं तोंड बहुधा दिसतं. बेसिन भरलेलं असताना तिथून करंगळीएवढी धार येत असेल तर गोष्ट बेसिन आणि न्हाणी यांच्या मधलीच आहे. आणि न्हाणीच भरून वर येत असेल तर बेसिनचा काही दोष नाही, त्याला सोडा आणि न्हाणीच्या पुढे बघा.

जाळीपासून सुरुवात करू. जुन्या कपलिंगला जाळीखाली आडव्या पट्ट्यांची फुली असते. केस त्या फुलीला गुंडाळले जातात. वरून दिसतात दोन-चार, खाली लोंबतो वीतभर बोळा. काटेरी कडांची प्लॅस्टिकची पट्टी हार्डवेअरच्या दुकानात मिळते, बोहरी आळीत तर कुणीही देईल. पण तीही लागत नाही. सायकलचा जुना स्पोक घ्या, पकडीनं टोक बारीक आकड्यासारखं वळवा, जाळीतून खाली सोडा, गोल फिरवा आणि ओढा. पेठेतल्या घराच्या माळ्यावर सायकलचा स्पोक सापडत नाही असं सहसा होत नाही. जे बाहेर येईल ते पाहून जेवणाची इच्छा मरते, म्हणून हे काम जेवणानंतर करा आणि निघालेला बोळा कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका. संडासात टाकू नका, तो पुढच्या पाईपला जाऊन बसेल. स्पोक फिरवताना जोर लावायचा नाही. जुनी फुली गंजून पातळ झालेली असते.

बेसिनच्या वरच्या कडेखाली एक भोक असतं, पाणी उतू जाऊ नये म्हणून ठेवलेलं. तिथून आत गेलेला मार्ग कपलिंगच्या खाचांशी जोडलेला असतो. त्यात वर्षानुवर्षांचा काळा बुळबुळीत थर बसतो, वास येतो तो पुष्कळदा यातूनच. बाटली धुवायचा बारीक ब्रश घालून जमेल तितका काढा.

मग बॉटल ट्रॅप. खाली बघा, कपलिंगला पेल्यासारखा भाग जोडलाय की नुसता पाईप भिंतीत किंवा न्हाणीकडे गेलाय? पेला असेल तर त्याखाली बादली ठेवा आणि पेला खालून बघत घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेनं फिरवा. प्लॅस्टिकचा असेल तर हातानं सुटतो. पितळी, वर क्रोमचा मुलामा असलेला जुना ट्रॅप पाण्यातल्या क्षारांनी घट्ट धरलेला असतो. त्याला पान्यानं एकदम हिसका देऊ नका, गळ्यापाशी चिरतो. सांध्यावर गरम पाण्यात भिजवलेलं फडकं थोडा वेळ गुंडाळून ठेवा, मग एक हात वरच्या नळीला धरून दुसऱ्या हातानं पाना चालवा. आत काळा गाळ, केस, दंतमंजनाचा थर, क्वचित कुणाच्या तरी कानातली फिरकी. सगळं जुन्या टूथब्रशनं घासून काढा. आणि हो, बादलीतलं घाण पाणी सवयीनं त्याच बेसिनमध्ये ओतू नका. अशी माणसं मी पाहिली आहेत. ट्रॅप हातात असतो आणि पाणी थेट पायावर येतं.

ट्रॅप काढलेला आहे तोवर भिंतीतल्या पाईपच्या तोंडात बॅटरी मारून बघा. आत लोखंडी पाईपच्या कडेला गंजाच्या गाठी दिसतील, तेवढ्यानं घाबरू नका. मधली वाट किती उरली आहे ते महत्त्वाचं. अंगठा सहज जाईल एवढी असेल तर पाईप अजून चालेल. करंगळीही जात नसेल तर प्लंबरचं म्हणणं खरं असण्याची शक्यता आहे, पण त्याचा उपाय तरीही खरा नाही. त्यावर पुढे येते.

भांड्याच्या परीक्षेत अडथळा पुढे निघाला असेल तर ट्रॅप परत बसवून रबरी पंप वापरा. यात सगळे एक चूक करतात: बाकीची भोकं उघडी ठेवतात. बेसिनच्या कडेखालचं भोक ओल्या फडक्यानं गच्च बुजवा आणि न्हाणीच्या तोंडावरही ओलं फडकं दाबून कुणाला तरी उभं करा. तसं नाही केलं तर तुमचा सगळा जोर त्या भोकांतून हवेत जातो. पंपाचा रबर बुडेल इतकं पाणी बेसिनमध्ये हवं. दाबण्याइतकंच ओढणंही महत्त्वाचं आहे, खरं तर ओढण्यानंच बोळा सैल होतो. पंधरा-वीस वेळा लयीत करा, थांबा, पाणी कसं उतरतंय बघा, पुन्हा करा. ॲसिड ओतल्यावर लगेच पंप कधीही मारू नये, हे वेगळं सांगायला नको.

पंपानं नाही हललं तर स्प्रिंग, म्हणजे पाईपमध्ये सरकवायची लांब लवचीक तार. तीन ते पाच मीटरची हातानं फिरवायची स्प्रिंग घरी ठेवायला हरकत नाही. ती बॉटल ट्रॅपमधून घालायची नसते, ट्रॅप काढून भिंतीतल्या तोंडातून सोडायची. कोपर आला की अडते, तिथे ढकलू नका, फिरवत राहा, ती आपली वळते. जीआयच्या कोपराला आतून किती लोखंड शिल्लक आहे ते बाहेरून कळत नाही, आणि जोरानं त्याला भोक पडलं तर मग भिंत खरोखरच फोडायला लागेल. हे काम तुम्हाला किंवा यजमानांना नको वाटलं तर प्लंबरला द्या, पण त्याला "लाईन बदला" म्हणू नका. "ट्रॅप काढून स्प्रिंग मारा आणि काय निघतं ते दाखवा" असं सांगा.

न्हाणीही एकदा साफ करा. जाळी काढली की काही जुन्या न्हाण्यांत एक उलटी वाटी दिसते. ती काढून आतला केस-मातीचा चिखल हातमोजा घालून उपसायचा आणि वाटी न विसरता परत ठेवायची. वाटीशिवाय पाणी फार झकास जातं, म्हणून कित्येक जण ती काढून टाकतात. मग रात्री झुरळं वर येतात आणि वास येतो, आणि घरातले फिनेल बदलत बसतात.

तुम्ही गुडगुड आवाजाचं लिहिलंय, म्हणून एक शंका आहे. बेसिनची लाईन न्हाणी ट्रॅपमध्ये येत असताना मध्येच कुणी हौसेनं बॉटल ट्रॅप बसवला असेल आणि न्हाणीतल्या पाईपचं तोंड गाळात किंवा पाण्याखाली बुडालेलं असेल, तर दोन ट्रॅपच्या मधली हवा कोंडते. पाणी पुढे जायला बघतं, हवा मागे यायला बघते, आणि ती बुडबुड्यांनी वर येते तेव्हा तो आवाज होतो. अशा वेळी न्हाणी उपसून पाईपचं तोंड मोकळं केलं की पुष्कळदा तेवढ्यानंच काम होतं. बेसिन गेल्या काही वर्षांत बदललंय का, हे सासूबाईंना विचारा. त्यांना नक्की आठवेल.

एवढं सगळं करून पाणी सुटेल असा माझा अंदाज आहे. नाहीच सुटलं, किंवा सुटून महिन्या-दीड महिन्यात पुन्हा अडायला लागलं, तर पाईप आतून गंजून अरुंद झालाय असं समजा. तरीसुद्धा भिंत फोडायची गरज नाही. त्या काळच्या तीन मजली इमारती पुष्कळदा विटांच्या भिंतींवर उभ्या असतात, आरसीसीच्या खांबांवर नाही. अशा भिंतीत आडवी खाच मारणं वरच्या मजल्यालाही बरं नाही, आणि सोसायटीनं विचारलं तर उत्तर देणं अवघड. शिवाय फोडाफोड फरशीपर्यंत गेली की खालचा वॉटरप्रूफिंगचा थर दुखावतो, मग पुन्हा पहिला मजला आणि पुन्हा ते छत.

त्यापेक्षा जुनी लाईन आहे तिथे राहू द्या, दोन्ही तोंडं नीट बंद करा आणि बेसिनपासून न्हाणीपर्यंत भिंतीच्या बाहेरून ४० मिलिमीटरचा पीव्हीसी पाईप घ्या. उतार मीटरला अडीच सेंटिमीटर ठेवा. वळणं कमीत कमी घ्या, आणि जिथे वळण आहे तिथे उघडता येईल असं झाकण असलेला जोड वापरा. दिसायला तो पाईप सुंदर नसतो हे मान्य. पण पुढच्या वेळी तुंबला तर पाच मिनिटांत उघडतो, गळला तर त्याच दिवशी दिसतो. भिंतीत लपलेला पाईप गळतो तेव्हा पहिली बातमी शेजाऱ्यांकडून येते. आजकाल सगळं लपवायची जी टूम निघाली आहे, ती मला जुन्या घरांच्या बाबतीत तरी पटत नाही.

आता न्हाणीच भरत असेल तर. तेव्हा आधी वरच्या-खालच्या मजल्यांवर विचारा. त्यांच्याकडेही सावकाश जात असेल तर अडथळा बाहेरच्या उभ्या बिडाच्या पाईपमध्ये किंवा खालच्या चेंबरमध्ये आहे. मागच्या बोळात जाऊन पाईपकडे वर बघा. सांध्यातून पिंपळाचं रोप डोकावत असेल तर त्याची मुळं आत किती गेली असतील ते सांगायला नको. चेंबरभोवती घुशींनी उकरलेलं असेल तर माती आत ढासळते. आवारातले चेंबर हे मालकाचं किंवा सोसायटीचं काम, खर्च सगळ्यांनी वाटून घ्यायचा. रस्त्यावरची मुख्य ड्रेनेज लाईन महापालिकेची, तिची तक्रार क्षेत्रीय कार्यालयात करायची. चेंबरमध्ये कुणा माणसाला उतरवू मात्र नका, कितीही उथळ वाटलं आणि तो कितीही तयार असला तरी. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाकडून हे काम करून घ्यायला २०१३च्या कायद्यानं बंदी आहे, आणि आतल्या वायूनं क्षणात माणूस जातो. बांबूनं, नाहीतर मशीननं काम होतं.

पाणी मोकळं झाल्यावर ते तसंच राहावं म्हणून दोनच गोष्टी करा. सासूबाईंना तेल लावू नका असं सांगायची हिंमत माझ्यात नाही, तुमच्यातही नसावी. फक्त तेलाचे हात आधी जुन्या कागदाला किंवा फडक्याला पुसून मग धुवायचे, उटण्याचेही तसेच. सासरे दंतमंजन वापरत असतील तर चूळ भरल्यावर नळ थोडा जास्त वेळ चालू ठेवायचा, ती पूड जड असते आणि तळाला बसते. इमारतीत बोअरचं पाणी येत असेल तर साबणाचा तो पांढरा चिकट थर लवकर धरतो, अशा घरात दुसरी गोष्ट आणखी गरजेची. आठवड्यातून एकदा जाळीला रबरी बूच लावा, बेसिन काठोकाठ कढत पाण्यानं भरा, त्यात चमचाभर भांडी घासायचं लिक्विड घाला आणि बूच ओढा. अख्खं बेसिनभर पाणी एकदम सुटतं तेव्हा पाईपच्या कडांना जे काही नुकतं चिकटलेलं असतं ते घेऊन जातं. नळाच्या धारेनं हे होत नाही. बूच हरवलं असेल तर नवीन आणा, त्याची साखळी अजून लोंबत असेलच.

ट्रॅप परत बसवताना खाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद पसरा आणि बेसिन भरून सोडा. कागदावर थेंब पडला तर सांधा अजून घट्ट करायच्या आधी रबराचा वॉशर बघा. पन्नास वर्षांच्या ट्रॅपचा वॉशर चपटा आणि कडक झालेला असतो, त्याला कितीही आवळलं तरी तो गळतोच, आणि आवळून आवळून आटे मात्र जातात. तिथे टेफ्लॉन टेप गुंडाळून भागत नाही, नवा वॉशर लागतो. पण जुना टाकून देऊ नका, दुकानात जाताना तोच बरोबर न्या. जुन्या पितळी ट्रॅपची मापं आताच्या मापांशी जुळतीलच असं नाही, आणि नुसतं "सव्वा इंची द्या" म्हटलंत तर दुकानाच्या दोन फेऱ्या होतील.